खाडीला नारळ, कंपनीला पावती

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ असा काळ कोरलेला आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजांच्या काळातलं हे मंदिर वालधुनी नदीच्या काठावर उभं आहे. नदीवर आता तीन शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं केमिकल यांचा ताबा आहे. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात कुणीतरी टँकरमधलं रसायन या नदीत ओतलं आणि त्यातून उठलेल्या वायूने शेकडो लोकांना दवाखान्यात जावं लागलं. त्यानंतरच्या महाशिवरात्रीलाही मंदिरापुढची रांग नेहमीसारखीच लांबलचक होती.

यावर दोन ठरीव प्रतिक्रिया ऐकू येतात. एक म्हणजे, ‘एवढे देवभक्त, मग नदीची ही दशा कशी?’ आणि दुसरी, ‘देवधर्म इथे आणूच नका, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम आहे.’ मला दोन्ही घाईच्या वाटतात. ठाणे ते बेलापूर या पट्ट्यात राहणारी माणसं कारखान्याच्या घाणीकडे फक्त पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग घाण या मापाच्या, आकड्यांतून बघत नाहीत. ती नवस बोलतात, पूजा घालतात, कुणाला तरी दोष देतात, कुणाची तरी देणगी घेतात. यातलं काय उपयोगी पडतं आणि काय नुसतं समाधान देतं, ते जरा उलगडून बघू.

आधी एक गाठ सोडवावी लागते. श्रद्धेच्या हिशेबात पवित्र असणं आणि स्वच्छ असणं ही दोन वेगळी खाती आहेत. केली ॲली या अमेरिकी अभ्यासक बनारसच्या घाटांवर राहून हेच तपासत होत्या. तिथल्या अनेक पंड्यांचं आणि भाविकांचं म्हणणं त्यांना असं आढळलं, की गंगेत घाण असेल, पण गंगा अपवित्र होत नाही. आई लेकराची घाण काढते, तशी तीही सगळ्यांची घाण पोटात घेते. म्हणजे भाविकाला नाल्याचं तोंड दिसत नाही असं नाही. दिसतं. पण त्याच्या लेखी त्याने नदीच्या मोठेपणाला धक्का लागत नाही. आणि धक्काच लागत नसेल तर तातडी कसली?

याची उलटी बाजू आपल्या महाडमध्ये घडलेली आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळं ‘शुद्ध’ केलं. कसं, तर पाण्याने भरलेल्या १०८ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून ते परत तळ्यात ओतलं. चांगल्या पाण्यात शेण घालून पाणी शुद्ध झालं असं मानणारी माणसं वेडी नव्हती. ती फक्त दुसऱ्या खात्याचा हिशेब लिहीत होती. त्यामुळे ‘धर्माने पर्यावरण वाचवू’ असं कुणी उत्साहाने म्हणालं की मी थोडा सावध होतो. शुद्धीची भाषा पाण्यासाठी वापरता येते तशीच माणसाला दूर ठेवण्यासाठीही वापरता येते. आजही कारखान्याची गाळाची टाकी साफ करायला जो उतरतो तो बहुतेक ठेकेदाराचा माणूस असतो, आणि तो कुठल्या वस्तीतून येतो हे आपल्याला न विचारताच कळतं.

आता खाडीकडे येऊ. कारखान्यांना जागा देणारं सरकारी महामंडळ एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झालं आणि ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठाने कारखान्यांचा पट्टा उभा राहिला: दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे. १९७० मध्ये शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. खाडी साधारण २६ किलोमीटर लांब आहे. मुंबईच्या तोंडाशी रुंद, ठाण्याकडे चिंचोळी. म्हणून वरच्या टोकाला पडलेली घाण ओहोटीला थोडी खाली सरकते आणि भरतीला त्यातली बरीचशी परत येते. सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, तळाच्या चिखलात जड धातू साचतात. पहिला मोठा पाऊस पडला की नाल्यात वर्षभर साठलेलं सगळं एकदम खाडीत येतं, आणि मग काठाला मेलेल्या माशांचा खच दिसतो.

कारखान्याने आपलं पाणी आधी स्वतःच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत, मग सगळ्यांच्या सामायिक केंद्रात, म्हणजे सीईटीपीत शुद्ध करून सोडावं असा नियम आहे. त्याला वीज लागते, रसायनं लागतात, निघालेला गाळ पैसे मोजून विल्हेवाटीला पाठवावा लागतो. नाला फुकट असतो. रात्री अंधार असतो आणि पावसात पुरावा वाहून जातो. रात्री दीडनंतर वासामुळे खिडकी लावून घ्यायची सवय आमच्या भागात का आहे, याचं उत्तर एवढंच आहे.

इथे नीतीचा प्रश्न अवघड होतो. चोरी झाली तर चोर एक असतो. खाडी मेली तर तिला मारणारा एक नसतो. शेकडो नळ्या, त्यात महापालिकेचं सांडपाणी, त्यात आपल्या घरची मोरी. नुकसान हळू होतं, कुणाच्या डोळ्यांदेखत होत नाही. आणि नफा-तोटा एकाच घरात राहतात. गावठाणातलं एखादं आगरी किंवा कोळी घर घ्या. आजोबांचं जाळं खाडीत, मोठ्या मुलाला कंपनीत कायमची नोकरी, धाकट्याचे दोन टँकर कंपनीला पाणी पुरवतात, आणि घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बांधलेल्या इमारतीत कंपनीतलेच भाडेकरू. या घराने मोर्चा कुणाविरुद्ध काढायचा? जेवायला बसल्यावर हा विषय निघाला की बायका तो बदलतात, असं मी एकाहून अधिक घरांत बघितलंय.

अशा गुंत्यात धर्म तीन तऱ्हांनी येतो. तो दुःखाला अर्थ देतो, तो काही गोष्टींना ‘इथे हात लावायचा नाही’ अशी रेघ आखतो, आणि तो ‘हे कुणी भरून द्यायचं’ असा हिशेब विचारतो. पहिली तऱ्हा सगळ्यांत सोपी म्हणून सगळ्यांत जास्त दिसते. स्फोट झाला, गॅस सुटला, की शांती होते, होम होतो, भंडारा होतो. घाबरलेल्या वस्तीला एकत्र बसवणं ही लहान गोष्ट नाही, त्यावर हसू नये. फक्त होमाच्या धुराने रिॲक्टरचा व्हॉल्व्ह दुरुस्त होत नाही, हे होम करणाऱ्यालाही माहीत असतं.

दुसरी तऱ्हा, रेघ आखण्याची, आपल्याकडे खरं तर जुनी आणि पक्की आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी दर्यात घालायची नाही हा कोळ्यांचा रिवाज सरकारी मासेमारी बंदीपेक्षा कितीतरी जुना. आज राज्यात १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. दिवाळे, सारसोळे, घणसोली, ठाण्यातलं चेंदणी, कुठेही जा. नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत काठावर येतो, त्याला हळदकुंकू लागतं, आणि गावातला जाणता माणूस गुडघाभर पाण्यात उतरून तो हळूच सोडतो. फेकत नाहीत, सोडतात. मागणं नेहमीचंच: शांत राहा, पोटाला दे, पोरं परत येऊ देत. हा देण्याघेण्याचा करार आहे आणि त्यात दर्या हा एक पक्ष आहे, माल नाही.

पण या रेघेत एक मोठी फट आहे. ती खाडीतून घेणाऱ्याला बांधते, खाडीत सोडणाऱ्याला नाही. कोळी दोन महिने जाळं सुकत ठेवतो, आणि त्याच दोन महिन्यांत पावसाच्या आडोशाने नळी वाहत राहते. करारावर ज्याची सही नाही तोच आता खाडीशी सगळ्यांत जास्त व्यवहार करतो. एका म्हाताऱ्या कोळ्याला मी विचारलं, नारळ कशाला सोडता आता, मासा कुठे राहिलाय? तो म्हणाला, ‘दर्यानं काय केलंय आमचं वाईट? ज्यानं केलं त्याला नारळ नाय देत आमी.’

देवाची रेघ कायद्यानेही मानली, असं एक उदाहरण आपल्या देशात आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. डोंगरिया कोंध आदिवासींसाठी तो डोंगर म्हणजे त्यांचा नियमराजा. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं, की खाणीमुळे लोकांच्या श्रद्धेच्या हक्काला धक्का लागतो का ते ग्रामसभा ठरवतील. १२ ग्रामसभा झाल्या, बाराही नाही म्हणाल्या. हे आपल्याकडे का होत नाही, याचं उत्तर श्रद्धेत शोधू नका. तिथे वनहक्क कायदा पाठीशी होता आणि ग्रामसभा होती. आपली गावं १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महापालिकेत आहेत. गावठाण आहे, गावदेवी आहे, पाटलाचा मान आहे, पण ठराव करून कंपनीला थांबवू शकेल अशी ग्रामसभा नाही. देवीचं म्हणणं मांडायला सरकारदरबारी खुर्चीच राहिलेली नाही.

आणि मग जत्रा येते. चैत्र-वैशाखात गावोगावच्या गावदेवीच्या जत्रा सुरू झाल्या की कमानीवर कंपनीचा लोगो, मंडपावर कंपनीचं नाव, महाप्रसादाला कंपनीची पावती. आमच्याही भागात ज्या कारखान्याच्या वासाने पोरं रात्री खोकतात असं सगळा गाव मानतो, त्यानेच एका वर्षी मंडपाचा खर्च उचलला. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण पुढच्या वर्षी दुसरा उभा राहतो. समितीच्या बैठकीत एकाने दबक्या आवाजात विचारलं, हे घ्यायचं का? उत्तर आलं, देवीला कुणीही द्यावं, देवी कुणाला नाही म्हणत नाही.

ऐकायला बरं वाटतं, पण परंपरा एवढी भोळी नव्हती. दान घेणं, ज्याला धर्मशास्त्र प्रतिग्रह म्हणतं, ते जोखमीचं मानलेलं आहे. देणाऱ्याच्या कमाईतला दोष दानाबरोबर घेणाऱ्याकडे येतो, म्हणून कुणाकडून घ्यायचं आणि कुणाकडून नाही याचे लांबलचक नियम केले. त्यातले बरेच जातीचे आहेत आणि ते टाकून देण्याच्याच लायकीचे. पण पैसा कुठून आला हे विचारण्याची मूळ बुद्धी मात्र शाबूत ठेवण्यासारखी आहे. जत्रेची पावती फाडताना समिती खरं तर काहीतरी विकत असते: गप्प बसणं.

कंपनीच्या आतही देव आहे. खंडेनवमीला यंत्रं धुऊन पुसून त्यांना झेंडूचे हार घालतात, वर्षातून एकदा सत्यनारायण होतो, कामगारांची बायकापोरं तीर्थप्रसादाला येतात. मालक-मॅनेजर सोवळं नेसून पूजेला बसतात. यात ढोंग असतंच असं नाही. पूजेला बसलेल्या माणसाच्या मनात देव आणि बायपास लाइन, म्हणजे शुद्धीकरण टाळून पाणी थेट सोडणारी नळी, एकमेकांना भेटत नाहीत, एवढंच. धर्माची भाषा घरच्या पापापुण्याला पुरते. शिफ्ट, बजेट, कन्सेंट (प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र) यांच्यापर्यंत ती पोचलेलीच नाही.

पोचू शकत नाही असं मात्र नाही. बौद्ध परंपरेत उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. जैन श्रावकांसाठी वर्ज्य पंधरा धंद्यांच्या यादीतही विषाचा व्यापार आहे, शिवाय तळी-सरोवरं आटवण्याचं कामही. जैन घरात पाणी गाळल्यावर गाळण्यात उरलेलं ‘जिवाणी’ ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचा दंडक होता, कारण त्यातल्या सूक्ष्म जिवांना त्यांच्या जागी पोचवायचं. याहून काटेकोर ‘डिस्चार्ज नॉर्म’ मी तरी वाचलेला नाही. इस्लाममध्ये ‘स्वतःला इजा होऊ देऊ नका, दुसऱ्याला इजा करू नका’ हे हदीसमधलं वचन न्यायाचं मूळ सूत्र मानतात. ख्रिस्ती जगात पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पर्यावरणावर स्वतंत्र धर्मपत्र काढलं आणि पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच आहे असं सांगितलं. थोडक्यात, वचनांची टंचाई नाही. ठाण्यात या चारही धर्मांची माणसं आहेत. वचन सांगणारा माणूस कुठल्या दारात उभा राहून सांगतो, हा प्रश्न आहे.

तिसऱ्या तऱ्हेकडे, म्हणजे हिशेब विचारण्याकडे, येताना मला जपानमधल्या मिनामाताचं उदाहरण सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण तेही कोळ्यांचं गाव. चिस्सो कंपनीने १९३२ ते १९६८ पारायुक्त सांडपाणी तिथल्या समुद्रात सोडलं. पारा माशांत, मासा माणसांत. आजाराची अधिकृत नोंद १ मे १९५६ ची. मासातो ओगाता नावाच्या कोळ्याचे वडील १९५९ मध्ये या आजाराने गेले, तेव्हा तो लहान होता. मोठा झाल्यावर तो रुग्णांच्या लढ्यात पुढे होता. १९८५ मध्ये त्याने रुग्ण म्हणून मान्यता मिळवण्याचा स्वतःचा अर्ज मागे घेतला. त्याचं म्हणणं असं, की भरपाई ठरली, फॉर्म भरले, शिक्के मारले, पण माणूस म्हणून माफी मागायला समोर कुणी आलंच नाही; आणि शेवटी तो म्हणाला, ‘चिस्सो म्हणजे मीच.’ प्लॅस्टिकची होडी, गाडी, टीव्ही हे सगळं तोही वापरत होता. पुढे त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी पारा-मिश्रित गाळ पुरून भराव टाकलेल्या जागेवर दगडाच्या लहान लहान मूर्ती कोरून बसवायला सुरुवात केली, माणसांसाठी आणि मेलेल्या माशांसाठीही.

‘चिस्सो म्हणजे मीच’ हे वाक्य फार मोलाचं आहे आणि तितकंच धोक्याचं. ओगाताने ते आयुष्यभर कंपनीकडे जाब मागून झाल्यावर उच्चारलं. तेच वाक्य कंपनीच्या कॅलेंडरवर ‘पर्यावरण ही आपल्या सर्वांची जबाबदारी’ असं छापून येतं, तेव्हा त्याचा अर्थ ‘आम्हाला एकट्याला विचारू नका’ असा होतो. सगळेच दोषी म्हणण्याचा अधिकार आधी स्वतःचा दोष मान्य करणाऱ्यालाच असतो.

धर्मसंस्थेने हिशेब कसा मागावा याचा धडा अमेरिकेत आहे. नॉर्थ कॅरोलायनामधल्या वॉरन काउंटीत १९८२ मध्ये पीसीबी या विषारी रसायनाने भिजलेली माती पुरायला सुरुवात झाली. वस्ती बहुतांश गरीब कृष्णवर्णीयांची. लोक चर्चमध्ये जमायचे, प्रार्थना करायचे आणि तिथून निघून मातीच्या ट्रकपुढे रस्त्यावर आडवे व्हायचे. पाचशेहून जास्त अटका झाल्या. माती तरीही पुरली गेली. पण ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’ तिथे थांबलं नाही. त्यांच्या आयोगाने देशभरातल्या घातक कचऱ्याच्या जागा पिनकोडनिहाय तपासून १९८७ मध्ये अहवाल काढला आणि दाखवून दिलं, की अशी जागा कुठे होणार हे ठरवणारा सगळ्यांत ठळक घटक म्हणजे तिथल्या लोकांचा वंश. चर्चने आकडेमोड केली! पर्यावरणीय न्याय ही चळवळ जगभर पसरली ती यातून, आणि वॉरनमधली ती माती २००३ मध्ये अखेर निर्विष करण्यात आली.

आपल्याकडे गणेशोत्सव मंडळं, वारकरी फड, जत्रा समित्या, बुद्धविहारं, मशिदींच्या जमाती आहेत. वर्गणी, कार्यकर्ते, लाऊडस्पीकर, विश्वास, सगळं आहे. आणि धर्म रीत बदलू शकतो हेही आपण बघितलंय. विसर्जनासाठी कृत्रिम तलाव ही कल्पना ठाण्याने लवकर उचलली, सुरुवातीला कुरकुर झाली, आज घरचे गणपती घेऊन लोक निमूट तिथे जातात. मंडळवाल्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे: पीओपीच्या मूर्तीवर सगळे तुटून पडतात, वर्षभर वाहणाऱ्या नाल्यावर कुणी बोलत नाही. बरोबर आहे. फक्त या तक्रारीचा शेवट ‘म्हणून आम्हालाही काही बोलू नका’ असा न होता ‘चला, नाल्यावर बोलू’ असा व्हायला हवा.

त्यासाठी शब्द शोधायला बाहेर जायला नको. प्रायश्चित्त म्हणजे उपास किंवा दक्षिणा, असं आपण समजून चाललोय. धर्मशास्त्राने त्यात आधी केलेलं पाप उघड बोलून दाखवणं ठेवलंय, मग पश्चात्ताप, आणि ‘पुन्हा असं करणार नाही’ म्हणून प्रत्यक्षात थांबणं. न सांगता दिलेली देणगी यात कुठेच बसत नाही. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावं’ हे कायद्याचं तत्त्व याच्या फार लांब नाही. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावात रासायनिक कारखान्यांनी विहिरी नासवल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे तत्त्व लागू केलं: नुसती भरपाई नाही, जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही द्यायचा. कारखानदारांनी वर्षानुवर्षं टाळलं. २०११ मध्ये न्यायालयाने ३७ कोटींहून अधिक रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरायचा आदेश दिला. लांबवलेल्या प्रायश्चित्ताला चक्रवाढ व्याज लागतं, हे एखाद्या कीर्तनकाराने जरूर सांगावं.

तेव्हा जत्रेच्या बैठकीत ती पावती परत आली, तर समितीला एक साधी गोष्ट करता येईल. कारखान्याला मिळालेली संमतीपत्रं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात. किती पाणी, कशा दर्जाचं, कुठे सोडायचं हे त्यात लिहिलेलं असतं. ते उतरवून घ्यायचं आणि देणगीदाराला विचारायचं, की मंडळाने घेतलेल्या तुमच्या पाण्याच्या नमुन्याचा शेवटचा अहवाल आम्हाला दाखवाल का. दाखवला आणि बरा असला तर मंडपावर नाव जरूर लावावं. नसेल दाखवायचा, तर त्या वर्षी मंडप थोडा लहान घालावा, आणि रात्री वास आला की तारीख, वेळ आणि नाल्याची जागा लिहून समितीच्या लेटरहेडवर मंडळाकडे तक्रार द्यावी, पोच घेऊन.